शोधाचे श्रम : ग्रंथालये आणि इंटरनेटचा पहिला काळ

साधारणपणे १९८५ ते २००५ या वीस वर्षांत भारतातील विद्यापीठीय आणि संशोधन ग्रंथालयांच्या कामाची रीत मुळापासून बदलली. या बदलाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी संगणक आला, मग सीडी-रॉम, मग इंटरनेट, आणि प्रत्येक टप्प्यावर माहिती मिळवणे अधिक सोपे व अधिक जलद होत गेले, असे त्याचे सर्वसाधारण सूत्र असते. ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा अनुभव मात्र या सूत्रात पुरता बसत नाही. माहितीची नोंद करणे, ती योग्य जागी लावणे, तिची खातरजमा करणे आणि ती नेमक्या वाचकापर्यंत पोहोचवणे ही कामे ज्यांनी वर्षानुवर्षे हाताने केली होती, त्यांना नव्या साधनांबरोबर असे दिसत गेले, की यांतील एकही काम नाहीसे होत नाही. ते कधी संगणकप्रणाली लिहिणाऱ्याकडे जाते, कधी दूरच्या एखाद्या ग्रंथालयाकडे जाते, आणि पुष्कळदा कोणाच्या लक्षातही न येता वाचकाच्या अंगावर पडते. ज्या ग्रंथालयांनी हे श्रमांचे स्थलांतर वेळीच ओळखले आणि वाचकावर पडलेला भार पुन्हा आपल्याकडे घेण्याची व्यवस्था उभी केली, ती ग्रंथालये इंटरनेटच्या काळातही वाचकांना हवीशी राहिली. या अनुभवाचा आढावा येथे घेतला आहे.

संगणकपूर्व काळात एखादा ग्रंथ वाचकाच्या हाती पडण्याआधी त्याच्यावर बरेच संस्कार होत असत. ग्रंथ आला की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे, ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने किंवा शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू पद्धतीने त्याचा वर्गांक ठरे, आणि मग ७.५ × १२.५ सेंटिमीटर अशा प्रमाण आकाराच्या तालिकापत्रांवर लेखक, शीर्षक, विषय अशा वेगवेगळ्या अंगांनी त्याच्या नोंदी टंकलिखित होऊन खणांमध्ये वर्णानुक्रमे लागत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच लेखकाची नावे आहेत, हे वाचकाला ठाऊक असेलच असे गृहीत न धरता एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे नेणारे 'पाहा' असे संदर्भपत्र खणात ठेवले जाई. याच्या जोडीला संदर्भसेवा असे. वाचक येऊन 'पाण्यावर काही आहे का' असे विचारतो, तेव्हा त्याला सिंचन हवे आहे, जलप्रदूषण हवे आहे की पाणीवाटपाचा कायदा हवा आहे, हे दोन-चार प्रश्नांच्या संभाषणातून उलगडून घेणे आणि मगच त्याला फडताळाकडे नेणे, असे या सेवेचे स्वरूप होते. या संभाषणाची नोंद कोणत्याही अहवालात होत नसे, कारण अहवालात देवघेवीचे आकडे जात. पण अनुभवी ग्रंथपालाच्या दिवसाचा मोठा भाग त्यातच जाई.

संशोधकांसाठी हे काम आणखी कठीण होते. रसायनशास्त्रात 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' आणि वैद्यकात 'इंडेक्स मेडिकस' अशा जाडजूड छापील सूचींमधून संदर्भ शोधावे लागत. यांपैकी पहिली सूची जगभरातील शोधनिबंधांचे सारांश देई आणि दुसरी लेखांची विषयवार नोंद ठेवी. संदर्भ सापडल्यावर ते नियतकालिक जवळच्या ग्रंथालयात नसेल, तर १९५२ साली दिल्लीत स्थापन झालेल्या इन्सडॉक या राष्ट्रीय प्रलेखन केंद्राकडे किंवा इंग्लंडमधील बॉस्टन स्पा येथील ब्रिटिश लायब्ररीच्या प्रलेख-पुरवठा केंद्राकडे मागणी नोंदवून टपालाने छायाप्रत येण्याची वाट पाहावी लागे. या विलंबामुळे संशोधकाच्या कामाला एक विशिष्ट गती मिळत असे आणि ग्रंथपालालाही आधीच विचार करून ठेवण्याची सवय लागत असे. कोणता संशोधक कशावर काम करतो आहे हे लक्षात ठेवून नव्या अंकातील लेख त्याच्या नजरेस आणून देणे ही त्याची नित्याची सेवा बनली होती. ग्रंथालयशास्त्रात या कामाला निवडक माहिती प्रसारण सेवा म्हणतात.

संगणकाचा ग्रंथालयातील खरा प्रवेश महागड्या यंत्रांमुळे झाला नाही. तो युनेस्कोने तयार केलेल्या आणि ना-नफा संस्थांना विनामूल्य दिलेल्या सीडीएस/आयसिस या प्रणालीमुळे झाला. वैयक्तिक संगणकावर चालणारी तिची आवृत्ती १९८५ च्या सुमारास उपलब्ध झाली आणि भारतात तिचे वितरण निसॅट या, वैज्ञानिक माहितीसाठी १९७७ साली सुरू झालेल्या, राष्ट्रीय कार्यक्रमातून झाले. या प्रणालीत प्रत्येक ग्रंथाची नोंद क्षेत्रांमध्ये, म्हणजे लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष अशा स्वतंत्र कप्प्यांमध्ये, विभागावी लागे, आणि कोणत्या क्षेत्रातील शब्द शोधासाठी सूचीत घ्यायचे हे ग्रंथपालालाच आधी ठरवून द्यावे लागे. तालिकापत्रावर जे काम नजरेने भागत असे, ते येथे भागत नसे. टंकलेखकाने आडनावानंतर स्वल्पविराम दिला नाही, तरी पत्र वाचणाऱ्या माणसाला नाव समजे. संगणकाला मात्र 'कुलकर्णी जी. ए.' आणि 'कुलकर्णी, जी.ए.' या दोन निराळ्या व्यक्ती वाटत. जुन्या मराठी ग्रंथांवर छापलेले शके इसवी सनात आणण्यासाठी ७८ मिळवावे लागतात, पण ते कोणी व कोणत्या क्षेत्रात मिळवायचे याचा निर्णय झाला नाही, तर कालक्रमाने मांडलेली यादीच चुकत असे. अशा लहान लहान निर्णयांमधून ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना प्रमाणीकरणाचा, म्हणजे एकच गोष्ट सर्वत्र एकाच रीतीने लिहिण्याचा, अर्थ नव्याने समजला.

जुन्या तालिकापत्रांवरील नोंदी संगणकात भरण्याच्या कामाला पूर्वलक्षी रूपांतर म्हणतात, आणि या कालखंडातील सर्वांत कष्टाचे काम तेच होते. हजारो पत्रे एकेक करून भरताना हरवलेले ग्रंथ, दोनदा दिलेले दाखल क्रमांक आणि काळाच्या ओघात बदललेले वर्गांक उघडकीस येत, त्यामुळे नोंदी भरण्याचे काम हे प्रत्यक्षात संपूर्ण संग्रहाच्या पडताळणीचे काम ठरत असे. अनेक ठिकाणी ते नियमित देवघेव सांभाळून, दुपारच्या मोकळ्या वेळात, एकाच संगणकावर पाळीपाळीने केले गेले. ज्या संस्थांनी हे काम केवळ टंकनाचे समजून बाहेरच्यांकडे सोपवले आणि तपासणीसाठी माणूस दिला नाही, त्यांच्या तालिकांत पुढे कित्येक वर्षे चुका राहिल्या आणि ग्रंथ फडताळात असूनही वाचकाला तो नसल्याचे उत्तर मिळत राहिले. यंत्राने वाचवलेले तपासणीचे श्रम येथे वाचकाच्या निराशेत रूपांतरित झाले होते.

संगणकीय नोंदींचा खरा लाभ त्या एकमेकांशी जोडल्यावरच मिळणार होता, आणि त्यासाठी जाळी उभी राहू लागली. दिल्लीत १९८८ साली डेलनेट सुरू झाले. मुंबई आणि पुणे येथेही नव्वदच्या दशकाच्या आरंभी निसॅटच्या साहाय्याने बोनेट आणि पुणेनेट ही नगर-जाळी आकाराला आली. विद्यापीठांसाठीचा इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राअंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू केला आणि १९९६ मध्ये तो अहमदाबाद येथे स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र बनला. या सर्व जाळ्यांचा मूळ उद्देश संघतालिका हा होता. अनेक ग्रंथालयांच्या संग्रहांची एकत्रित तालिका म्हणजे संघतालिका. तिच्यामुळे एखादे नियतकालिक आपल्या शहरात नेमके कोठे आहे हे कळते आणि तेच नियतकालिक दोन शेजारच्या संस्थांनी मागवण्याचा दुहेरी खर्च टळतो. व्यवहारात मात्र ही जाळी पुष्कळ काळ फ्लॉपी चकत्यांवर चालली. दूरध्वनीच्या वाहिन्या भरवशाच्या नसल्याने ग्रंथालये आपल्या नोंदी चकतीवर भरून टपालाने किंवा माणसाकरवी केंद्राकडे पाठवत. तरीही त्यातून निर्माण झालेला व्यावसायिक स्नेह मोलाचा ठरला, कारण समोरच्या संस्थेतील ग्रंथपालाचा परिचय असला, की मागितलेली छायाप्रत दुसऱ्या दिवशी हाती पडत असे.

याच काळात काही मोठ्या संस्थांना परदेशी माहितीसंचांचा दूरस्थ शोध घेता येऊ लागला होता. अमेरिकेतील डायलॉग या सेवेने १९७२ पासून असा शोध व्यापारी तत्त्वावर उपलब्ध करून दिला होता. तिचे शुल्क संपर्कात राहिलेल्या वेळेवर आकारले जाई, म्हणून शोधाची सारी तयारी कागदावर आधीच करावी लागे. कोणते शब्द घ्यायचे, त्यांचे पर्याय कोणते, कोणते शब्द 'आणि'ने जोडायचे, कोणते 'किंवा'ने, कोणते 'नको'ने वगळायचे, हे संशोधकाशी बसून ठरवल्यावरच ग्रंथपाल दूरध्वनी जोडत असे. जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या तर्कशास्त्रावर आधारलेली ही मांडणी ग्रंथपालांना या सेवेमुळे अंगवळणी पडली. त्यानंतर आलेल्या सीडी-रॉमने, म्हणजे सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावणाऱ्या चकतीने, वेळेचे बंधन काढून टाकले. वर्षाची वर्गणी एकदा भरली की कितीही शोध घेता येत असल्याने वाचक स्वतः संगणकापुढे बसू लागला. त्याला सापडणाऱ्या संदर्भांची संख्या वाढली, पण शोधापूर्वीचे संभाषण सुटले. अनेक ग्रंथपालांच्या लक्षात आले, की एकच शब्द टंकून आलेले दोनशे संदर्भ छापून नेणारा विद्यार्थी समाधानी असतो, आणि त्याच्या विषयावरील महत्त्वाचे दहा लेख त्या दोनशेंत नसतात; कारण ते दुसऱ्या पारिभाषिक शब्दाखाली नोंदलेले असतात. शोध आणि शोधाचे समाधान यांतील हे अंतर इंटरनेट येण्याआधीच दिसू लागले होते, आणि पुढील काळात ते वाढतच गेले.

इंटरनेटची पहिली साधने आज विस्मरणात गेली असली, तरी ग्रंथालयांच्या दृष्टीने ती फार उद्बोधक होती. टेलनेट या साधनाने दूरच्या संगणकावर प्रवेश करून तेथील तालिका जणू तेथेच बसून पाहता येई; एफटीपी या साधनाने तेथील धारिका आपल्याकडे उतरवून घेता येत; आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९९० साली तयार झालेले आर्ची हे साधन अशा धारिका कोठे कोठे आहेत याची सूची ठेवी. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात निर्माण झालेल्या गोफरने माहिती पायऱ्यापायऱ्यांच्या यादीत मांडली. मुख्य विषयातून उपविषय, उपविषयातून प्रत्यक्ष मजकूर अशी ही रचना वर्गीकरणाची सवय असलेल्या ग्रंथपालांना ओळखीची वाटली आणि अनेक ग्रंथालयांनी आपापल्या याद्या गोफरवर उभारल्या. कॅनडातीलच सास्कॅचेवन विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीटर स्कॉट यांनी टेलनेटने उघडता येणाऱ्या तालिकांची हायटेलनेट ही मार्गदर्शिका तयार केली. न्यूयॉर्क राज्यातील ग्रंथपाल जीन आर्मर पॉली यांनी १९९२ साली इंटरनेटवरील भ्रमंतीची सर्वसामान्यांना ओळख करून देणारा लेख लिहिला आणि 'सर्फिंग' ही संज्ञा लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. इंटरनेटच्या पहिल्या वाटाड्यांमध्ये ग्रंथपाल होते, याची नोंद या व्यवसायाच्या इतिहासात अभिमानाने व्हायला हवी.

भारतात ही साधने प्रथम १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्यातून काही मोजक्या संस्थांना मिळाली, आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्या जाळ्याचे एक प्रमुख केंद्र होते. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेम जोडून ९.६ किलोबिट प्रतिसेकंद अशा गतीने मिळणाऱ्या या सेवेत कमी खर्चाच्या खात्यांवर केवळ मजकूर दिसे, चित्रे दिसत नसत. अशा स्थितीत ग्रंथालयांना सर्वाधिक उपयोगी पडला तो ई-मेल. परदेशी लेखकाला थेट पत्र लिहून निबंधाची प्रत मागवणे, संघतालिकेत सापडलेल्या ग्रंथाची मागणी नोंदवणे, एवढेच नव्हे तर विशिष्ट पत्त्यावर आज्ञा पाठवून दूरच्या संगणकावरील मजकूर उत्तरादाखल मागवणे, ही सारी कामे ई-मेलने होत. बहुतेक ठिकाणी दूरध्वनी कार्यालयासाठीही लागत असल्याने इंटरनेट जोडण्याची वेळ सकाळी लवकर किंवा कार्यालय सुटल्यावर ठरलेली असे. वाचक आपले प्रश्न वहीत लिहून ठेवत आणि ग्रंथपाल ठरलेल्या वेळी ते एकत्रितपणे शोधून उत्तरे छापून देत. वाचकाचा वेळ वाचवावा हे रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रांपैकी चौथे सूत्र या वहीतून पाळले जात होते, आणि हीच व्यवस्था इंटरनेटकाळातील संदर्भसेवेचे पहिले भारतीय रूप होती.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, त्याच वर्षी मोझेइक हा चित्रे दाखवणारा ब्राउझर उपलब्ध झाला, आणि गोफर झपाट्याने मागे पडला. वेबवर माहिती पायऱ्यांनी मांडण्याची सक्ती नव्हती. कोणीही कोणत्याही पानावरून कोणत्याही पानाकडे दुवा देऊ शकत असे. ही मोकळीक वेबचे सामर्थ्य होती, आणि ग्रंथालयांपुढचे आव्हानही तीच होती. पहिला उपाय म्हणून ग्रंथपालांनी विषयवार दुव्यांच्या याद्या तयार केल्या. त्यांत प्रत्येक संकेतस्थळ कोणी चालवले आहे, ते केव्हा अद्ययावत झाले, त्यातील विधानांना आधार काय, अशा कसोट्या लावून निवड केली जाई. १९९४ साली निघालेल्या याहूची मूळ निर्देशिकाही माणसांनीच वर्गवार लावलेली होती. दुसरा उपाय वेबपृष्ठांची तालिका करण्याचा होता. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यातून डब्लिन कोअर हा, पुढे १५ घटकांचा झालेला, संक्षिप्त नोंदसाचा जन्माला आला. लेखक, शीर्षक, विषय, दिनांक असे तालिकापत्रावरचेच घटक वेबपृष्ठाच्या पोटात लिहून ठेवावेत, अशी ही कल्पना होती.

हे दोन्ही उपाय अपेक्षेप्रमाणे टिकले नाहीत, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. दुव्यांच्या याद्या सतत तपासाव्या लागत, कारण पत्ते बदलत आणि पाने नाहीशी होत. फडताळात ठेवलेला ग्रंथ वर्षभराने तेथेच सापडतो, हे ग्रंथालयशास्त्राचे गृहीत वेबवर लागू नव्हते. पानांची संख्या इतक्या वेगाने वाढली, की हाताने निवड करणाऱ्यांचे बळ अपुरे पडले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा व १९९८ मध्ये स्थापन झालेले गूगल यांसारख्या शोधयंत्रांनी वाचकाला क्षणात उत्तर देण्याची सवय लावली. डब्लिन कोअरचा साचा सर्वसाधारण वेबपृष्ठांनी स्वीकारला नाही, कारण पान लिहिणाऱ्याला स्वतःच्या पानाची प्रामाणिक नोंद करण्यात वेळ घालवण्याचे कारण नव्हते. मात्र जेथे नोंद करणे हेच कोणाचे तरी काम होते, अशा अंकीय ग्रंथसंग्रहांत आणि प्रबंधसंग्रहांत तो साचा आजही वापरला जातो. या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. माहितीची नोंद करण्याचे काम कोणाच्या तरी जबाबदारीत आणि वेतनात बसत असेल, तरच ते होते. ते आपोआप घडेल या आशेवर सोडलेली जागा शेवटी रिकामी राहते किंवा जाहिरातदारांच्या हाती जाते.

नियतकालिकांच्या बाबतीत बदल आणखी खोलवर गेला. छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होई आणि पुढच्या वर्षी वर्गणी थांबली, तरी जुने खंड बांधणी करून फडताळात राहत. ऑनलाइन नियतकालिकात ग्रंथालयाला केवळ वापराचा परवाना मिळतो आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. वर्गणी थांबल्यावर आधीच्या वर्षांचे अंक दिसत राहतील का, बाहेरच्या संशोधकाला ग्रंथालयात येऊन ते वाचता येतील का, दुसऱ्या ग्रंथालयाला छायाप्रत देता येईल का, असे प्रश्न करारपत्रांच्या वाचनातून पुढे आले, आणि ग्रंथपालाला कायद्याची भाषा शिकावी लागली. एकेकट्या विद्यापीठाची सौदाशक्ती तोकडी असल्याने सामूहिक खरेदीचा मार्ग निघाला. यूजीसी-इन्फोनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयसंघाचा औपचारिक प्रारंभ डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाला, आणि ज्या विद्यापीठांनी काही वर्षांपूर्वी परदेशी नियतकालिके पैशाअभावी बंद केली होती, तेथे एकदम हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली. महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट हा कार्यक्रम मात्र २०१० च्या सुमारास आला. मधल्या काळात विद्यापीठातील विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचा विद्यार्थी यांच्यातील अंतर वाढले. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे मोठे जाळे अनुदानावर उभे केले आहे, पण त्यांतील लहान ग्रंथालयांत एक-दोन अंशकालीन कर्मचारी असत. अशा ठिकाणी संगणक पोहोचला तरी त्यापुढे बसून वाचकाला मदत करणारा प्रशिक्षित माणूस पोहोचेलच असे नव्हते, आणि तो नसला की वाचक जवळच्या सायबर कॅफेची वाट धरत असे.

या साऱ्या बदलांत मराठी ग्रंथांचे काय झाले, हा प्रश्न महाराष्ट्रातील ग्रंथालयांच्या अनुभवाचा गाभा आहे. मराठीला उत्तम सूचींची परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली १८०० पासूनच्या मुद्रित ग्रंथांची 'मराठी ग्रंथसूची' हे एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले असामान्य काम आहे आणि ती आजही संशोधकांना लागते. संगणक आल्यावर मात्र मराठी नोंदींना लिपीची अडचण आली. देवनागरीसाठी इस्की ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि पुण्याच्या सी-डॅकने ती वापरणारी साधनेही दिली. तरीही व्यवहारात प्रत्येक फाँट-उत्पादकाची अक्षररचना वेगळी होती, त्यामुळे एका फाँटमध्ये भरलेली नोंद दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची ओळ बनत असे. अनेक ग्रंथालयांनी म्हणून मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत भरल्या, आणि तेथे वेगळाच गुंता झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून मराठी ग्रंथ नियमाने विकत घेत आले आहे आणि त्यांच्या नोंदी लिप्यंतराच्या काटेकोर नियमांनुसार होतात. त्या नियमांत 'ज्ञानेश्वरी' हे शीर्षक 'ज' आणि 'ञ' यांच्या रोमन चिन्हांनी सुरू होते, तर मराठी माणूस ते रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे 'द्न्य' असे लिहितो. परिणामी, साताऱ्यातील वाचकाला परदेशी तालिकेत तो ग्रंथ सापडत नसे, आणि त्याच्याच गावातील ग्रंथालयाची तालिका इंटरनेटवर नसे.

युनिकोडने हा प्रश्न बराचसा सोडवला, पण तोही टप्प्याटप्प्याने. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ पासून, देवनागरी होती. सर्वसाधारण संगणकांवर ती विंडोज २००० पासून वापरता येऊ लागली, आणि त्यानंतरच्या एक्सपी आवृत्तीतही भारतीय लिपींची सोय वेगळी सुरू करून घ्यावी लागे. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला, तोपर्यंत ते 'अ'ला चंद्र जोडून लिहिले जाई; त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे वाटत. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, आणि तेथेही शोध चुकतो. मराठी वर्णमालेत 'ह'नंतर येणारा 'ळ' युनिकोडमध्ये 'ल'च्या शेजारी बसतो आणि शेवटी म्हटली जाणारी 'क्ष' व 'ज्ञ' ही अक्षरे 'क' व 'ज' यांच्या पोटात जातात, म्हणून वेगळी तजवीज न केल्यास संगणकाने लावलेली मराठी यादी मराठी वाचकाला विस्कळीत वाटते. हे बारकावे परदेशी प्रणालीकाराला सुचणे कठीण असते. ते तालिका लावणाऱ्या मराठी ग्रंथपालालाच दिसतात, आणि ज्यांनी ते चिकाटीने नोंदवले, सुधारून घेतले किंवा निदान आपल्या ग्रंथालयापुरते नियम करून पाळले, त्यांच्यामुळेच आज मराठी ग्रंथ मराठी लिपीत शोधता येतात. इन्फ्लिबनेटच्या सोल या प्रणालीत आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, मुक्त स्रोत असलेल्या कोहा या प्रणालीत देवनागरीत केलेल्या नोंदी आता सर्वत्र दिसतात. मात्र जुन्या फाँटमध्ये किंवा रोमनमध्ये अडकलेल्या नोंदींचे रूपांतर अनेक ठिकाणी अजून झालेले नाही, आणि जोपर्यंत ते होत नाही, तोपर्यंत ते ग्रंथ शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत.

या काळातून गेलेल्या ग्रंथालयांनी सेवेचे जे नवे रूप घडवले, त्यात वाचकशिक्षणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय हिंडवून दाखवण्याची जुनी प्रथा होतीच. तिच्या जागी शोधशब्द कसे निवडावे, संकेतस्थळाची विश्वसनीयता कशी पारखावी, घेतलेल्या मजकुराचा निर्देश कसा करावा, यांचे वर्ग घेतले जाऊ लागले. संदर्भसेवेतील तेच जुने संभाषण या वर्गांतून वाचकाला स्वतःशी करायला शिकवले जात होते. या कामाला संस्थांनी अध्यापनाचा दर्जा क्वचितच दिला, आणि देवघेवीचे आकडे घटले म्हणून ग्रंथालयातील रिकाम्या जागा भरू नयेत, असा निष्कर्षही अनेक ठिकाणी काढला गेला. तो अन्यायकारक होता, कारण देवघेव घटत असताना मार्गदर्शनाची गरज वाढत होती आणि ती मोजण्याची रीतच अस्तित्वात नव्हती.

इंटरनेटच्या पहिल्या काळातील हा अनुभव पुढील प्रत्येक नव्या साधनाला लागू पडतो. कोणतेही साधन ग्रंथालयात आणताना त्याच्या गतीबरोबरच त्याने कोणते श्रम हलवले आणि ते कोणाच्या अंगावर टाकले, याचा हिशेब मांडला पाहिजे. ज्याच्या अंगावर ते पडले, तो वाचक नवखा असेल, मराठीतून शोधणारा असेल किंवा शहरापासून दूर असेल, तर ते उचलण्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमणे हाच ग्रंथालयाचा खरा विकास आहे. यंत्रांवरचा खर्च अंदाजपत्रकात सहज मंजूर होतो आणि माणसांवरचा खर्च टाळला जातो, हे या वीस वर्षांत वारंवार दिसले. महाराष्ट्रातील ग्रंथालयांच्या पुढील आखणीत हा क्रम उलटा व्हायला हवा : आधी नोंद करणारा, पडताळणारा आणि वाचकाशी बोलणारा ग्रंथपाल, आणि मग त्याच्या हाती द्यायचे साधन.